हक्काचा कागद आणि मंडळीची सोबत

(आपल्या सेवाकार्याच्या वार्षिक मित्रमेळाव्यात केलेले भाषण)



दर वर्षी या मेळाव्यात आपण वसतिगृहाचा, दवाखान्याचा आणि शिवणवर्गाचा अहवाल ऐकता. यंदा मला सांगण्यात आले की, कार्यालयात बसून आम्ही जे कागदांचे काम करतो त्याविषयी बोलावे. हे काम फोटोत दिसत नाही. ब्लँकेट वाटल्याचा फोटो काढता येतो, स्पीडपोस्टाच्या पावतीचा फोटो कोण काढणार? तरीही आपण दिलेल्या पैशांतला काही भाग झेरॉक्स, टपाल, प्रतिज्ञापत्रे आणि एसटीची तिकिटे यांवर खर्च होतो. तो कशासाठी, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. काही जणांनी तो प्रश्न प्रेमाने विचारलाही आहे: "ताई, सरकारी कार्यालयांचे उंबरे झिजवणे हे मिशनचे काम आहे का?"

त्याचे उत्तर मी एकाच प्रकारच्या कामावरून देणार आहे. सैन्यात नोकरी करताना जखमी होऊन गावी परत आलेला जवान आणि त्याची अपंगत्वाची पेन्शन, हा माझा आजचा विषय.

आपल्या भागातली मुले सैन्यात जातात हे आपल्याला ठाऊक आहे. नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरे दिसली की समजावे, कुठेतरी भरती जाहीर झाली आहे. २६ जानेवारीला आपण अभिमानाने सांगतो की १९७१ च्या युद्धात मरणोत्तर परमवीर चक्र मिळवणारे लान्स नायक अल्बर्ट एक्का हे आजच्या झारखंडमधल्या गुमला जिल्ह्यातल्या ख्रिस्ती आदिवासी कुटुंबातले होते. हे सांगायलाच हवे. पण जो मेला नाही, ज्याला पदक मिळाले नाही, ज्याची फक्त पाठ मोडली आणि जो एक दिवस पत्र्याची पेटी घेऊन गावच्या फाट्यावर उतरला, त्याचे पुढे काय झाले हे आपण क्वचितच विचारतो.

अशाच एका भावाविषयी सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, पण नाव सांगत नाही. ते शिपाई म्हणूनच घरी आले, तरी गावात त्यांना सगळे 'मेजर' म्हणतात. मीही तेच म्हणेन.

मेजर २००३ मध्ये भरती झाले. २००९ च्या हिवाळ्यात डोंगरातल्या रस्त्यावर त्यांच्या ताफ्यातली गाडी बर्फावरून घसरली. गाडी फार खाली गेली नाही, पण मेजरांच्या कमरेला मार बसला. आधी जवळच्या लष्करी दवाखान्यात, मग मोठ्या रुग्णालयात उपचार झाले. दोन वर्षे हलके काम देऊन ठेवले आणि २०११ मध्ये वैद्यकीय मंडळ बसून त्यांना 'बोर्ड आऊट' केले. नोकरी आठ वर्षांची झाली होती. ग्रॅच्युइटीची रक्कम मिळाली. तिच्यातून घरावर पत्रे आले आणि बहिणीचे लग्न झाले. पेन्शन मात्र मिळाली नाही.

काही महिन्यांनी इंग्रजीत एक पत्र आले. मेजरांनी ते पेटीत ठेवून दिले. पुढे मी त्यांना विचारले, "भाऊ, पत्रात काय होतं?" ते म्हणाले, "ताई, साहेब लोकांनी नाही म्हटलंय. फौजेत नाही म्हणजे नाही."

इथे थोडा नियम समजून घेऊ, कारण सगळी गाठ तिथेच आहे. वैद्यकीय कारणाने जवानाला घरी पाठवताना डॉक्टरांचे मंडळ तीन प्रश्नांची उत्तरे लिहिते. हे अपंगत्व लष्करी सेवेमुळे आले का? तसे नसेल, तर सेवेतल्या परिस्थितीमुळे ते बळावले का? आणि ते किती टक्के आहे? पहिल्या दोन प्रश्नांपैकी एकाला 'होय' उत्तर आले आणि टक्केवारी २० किंवा जास्त असली, तर अपंगत्वाची पेन्शन लागू होते. तिचे दोन भाग असतात, एक सेवेचा आणि एक अपंगत्वाचा. अशा वेळी 'नोकरी इतकी वर्षे झालीच पाहिजे' ही अट आड येत नाही. पण दोन्ही उत्तरे 'नाही' अशी आली आणि नोकरी दहा वर्षांहून कमी असली, तर मेजर घरी आले तेव्हाच्या नियमांप्रमाणे ग्रॅच्युइटीवर बोळवण होत असे. मेजरांच्या कागदावर अपंगत्व २० टक्के लिहिले होते, पण पुढे दोन्ही ठिकाणी 'नाही' होते. कारण एवढेच की जखमेचा अहवाल फाइलमध्ये नव्हता. गाडी घसरली होती, माणूस पडला होता, पण कागद नव्हता. म्हणून कमरेचे दुखणे आपोआप झालेले ठरले.

घरची परिस्थिती काय झाली असेल ते आपण ओळखता. भातलावणीत वाकता येत नाही, ओझे उचलता येत नाही. बायको दिवाळीनंतर बारडोलीकडे ऊसतोडीला जाऊ लागली. मोठा मुलगा आठवीनंतर शाळा सोडून आईबरोबर जाऊ लागला. आणि गावात कुजबुज होती ती वेगळीच: काहीतरी केले असेल, म्हणून फौजेने हाकलले. पेन्शन नाही म्हणजे गुन्हा असणार, असा लोकांचा हिशोब.

२०१६ मध्ये त्यांची पत्नी धाकट्या मुलीच्या वसतिगृह प्रवेशासाठी आमच्याकडे आली. अर्जात वडिलांचा व्यवसाय 'माजी सैनिक' लिहिला होता आणि उत्पन्नाच्या रकान्यात काहीच नव्हते. या दोन ओळी एकमेकींना जुळत नव्हत्या. तिथून काम सुरू झाले.

पेटी उघडली. डिस्चार्ज बुक होते, दोन फोटो होते आणि ते इंग्रजी पत्र होते. एक कोपरा वाळवीने खाल्लेला होता, पण मजकूर शाबूत होता. पहिल्या परिच्छेदात 'नाही' होते. शेवटच्या परिच्छेदात लिहिले होते की हा निर्णय मान्य नसल्यास ठरावीक मुदतीत अपील करता येईल. बंधुभगिनींनो, दार बंद केल्याचे पत्र आणि दार उघडायची किल्ली एकाच पाकिटात आली होती, आणि ते पाकीट पाच वर्षे पेटीत पडून होते.

पुढचे काम सांगते, म्हणजे आपले पैसे कुठे जातात ते कळेल.

माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली अर्ज केला. केंद्र सरकारच्या कार्यालयासाठी त्याची फी १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला तीही लागत नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. वैद्यकीय मंडळाच्या कामकाजाची प्रत, जखमेचा अहवाल आणि रुग्णालयातले कागद मागितले. पहिले उत्तर आले की अर्ज दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला आहे. दुसरे उत्तर आले की जखमेचा अहवाल उपलब्ध नाही. पण त्याच पाकिटात रुग्णालयाच्या कागदांच्या प्रती होत्या. त्यांतल्या एका पानावर, दाखल केले त्या दिवशीच्या डॉक्टरांच्या हस्ताक्षरात एक ओळ होती: वाहन घसरल्यानंतर कमरेला दुखापत. ती ओळ त्या फाइलमध्ये पहिल्यापासून होती. ती वाचायला सांगणारे कुणी नव्हते.

मग त्या गाडीत बरोबर असलेल्या सोबत्याचा शोध घेतला. पलटणीतल्या जुन्या जवानांच्या व्हॉट्सॲप गटावरून नंबर मिळाला. तो भाऊ झारखंडमधला निघाला. मेजरांचा आवाज ऐकताच त्याने त्यांना पलटणीतल्या टोपणनावाने हाक मारली, आणि पंधरा दिवसांत त्याचे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र टपालाने आले.

पहिले अपील फेटाळले गेले. दुसरे अपीलही जवळपास त्याच शब्दांत फेटाळले गेले. त्या दिवशी मेजर म्हणाले, "ताई, आता पुरे. अजून किती हात जोडायचे?" मी म्हणाले, "भाऊ, आपण हात जोडतच नाही आहोत. आपण पावती दाखवतो आहोत." खरे सांगायचे तर हा फरक समजावणे हेच या कामातले सर्वांत कठीण काम आहे. अर्ज लिहिणे त्यामानाने सोपे.

अपिले संपली की सशस्त्र दलांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते. ते २००७ च्या कायद्याने स्थापन झाले आणि २००९ पासून काम करते. त्याचे एक पीठ मुंबईत आहे. वकिलाच्या फीची चिंता होती. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? २०१८ मध्ये प्रकरण दाखल झाले. तारखेला नवापूरहून रेल्वेने जायचे. अर्धे स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये असलेल्या त्या फलाटावर मेजर उभेच राहत, कारण बाकावर फार वेळ बसले की कंबर धरते. मग सुरत, मग मुंबई.

२०२१ मध्ये निकाल लागला. दुखापत सेवेमुळेच झाली असे न्यायाधिकरणाने मानले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार यांच्या प्रकरणात टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याचा लाभ उचलून धरला आहे. त्यानुसार मेजरांचे २० टक्के पेन्शनच्या हिशोबात ५० धरले गेले.

पण थकबाकी सगळी मिळाली नाही. तीही बाजू आपल्यापुढे ठेवली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग यांच्या प्रकरणातला निर्णय आहे. ते १९८३ मध्ये सैन्यातून घरी आले आणि १९९९ मध्ये न्यायालयात गेले. न्यायालयाने पेन्शनचा हक्क मान्य केला, पण थकबाकी दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. मेजरांनाही तेच लागू झाले. २०१८ चे प्रकरण, म्हणून २०१५ पासूनची थकबाकी. २०११ ते २०१५ ही वर्षे गेली. त्या वर्षांचे पैसे आले नाहीत, आणि त्या वर्षांत मोठ्या मुलाची सुटलेली शाळाही परत आली नाही. हा मुलगा आज गवंडीकाम करतो. चांगला कामसू आहे. पण पाकिटातला शेवटचा परिच्छेद २०११ मध्येच कुणी वाचून दाखवला असता, तर त्याने दहावीची परीक्षा दिली असती.

आदेश निघाल्यावरही पेन्शन लगेच सुरू झाली नाही. आता गाडी अडली पत्नीच्या नावावर. सैन्याच्या नोंदीत तिचे घरी हाक मारायचे नाव, आधार कार्डावर शाळेतले नाव, आणि मंडळीच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याचे नाव. तीन नावे, बाई एकच. हे आपल्या भागात घरोघरी आहे. वळवी हे आडनाव इंग्रजीत कुणी 'व्ही'ने लिहितो, कुणी 'डब्ल्यू'ने. जन्मतारखेचे तर विचारूच नका. शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिली, म्हणून अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. आपण हसतो, पण कार्यालयातल्या संगणकाला हसू येत नाही. त्याच्या लेखी नावातले एक अक्षर बदलले की माणूस बदलला.

तेव्हा उपयोगी पडले ते आपले चर्चचे विवाह रजिस्टर. पाळकसाहेबांनी जुने रजिस्टर कपाटातून काढले, विवाहाची नोंद शोधली आणि शिक्क्यासह दाखला दिला. त्याला प्रतिज्ञापत्र जोडले आणि गाडी पुढे सरकली. वीस वर्षांपूर्वी ज्या पाळकांनी ती नोंद स्वच्छ अक्षरात केली, ते आता प्रभूकडे गेले आहेत. आपण एका विधवेची भावी पेन्शन लिहून ठेवतो आहोत, असे त्यांना त्या दिवशी वाटलेही नसेल. पण मेजरांच्या मागे त्यांच्या पत्नीला कुटुंब पेन्शन मिळेल ती त्या नोंदीच्या आधारावरच.

निकालाची प्रत आल्यावर मेजरांनी ती रविवारी उपासनेला आणली. वाचून दाखवा म्हटले तर नको म्हणाले. फक्त वडीलमंडळाला दाखवली आणि 'सेवेमुळे' हा शब्द कुठे आहे त्यावर बोट ठेवले. मला म्हणाले, "ताई, पैसे आले ते बरंच झालं. पण आता मुलीला सांगता येतं, मी पळून आलो नव्हतो."

आता त्या प्रेमळ प्रश्नाकडे येते. हे मिशनचे काम आहे का?

गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुलींची हकिकत आहे. बाप अरण्यात मेला, भाऊ नाही, आणि वतनाच्या वाटणीत बापाचे नाव गळणार. या पाच जणी दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी दान मागितले नाही. आमच्या बापाचा वाटा आम्हाला द्या, असा दावा मांडला. मोशेने त्यांना हाकलले नाही आणि गप्पही बसवले नाही. त्याने त्यांचे प्रकरण परमेश्वरापुढे नेले, आणि परमेश्वराने ठरवले की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. तेवढ्यावर न थांबता त्याने सगळ्या इस्राएलासाठी तसा नियम करून दिला.

न्यायालयाचे निकाल वाचताना मला त्या मुली आठवतात. धरमवीर सिंग हा सिग्नल्समधला एक शिपाई. त्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये ठरवले की भरतीच्या वेळी कोणताही आजार नोंदवलेला नसेल, तर पुढे आलेला आजार सेवेमुळे आला असे धरून चालावे. तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे जवानावर टाकू नये, आणि वैद्यकीय मंडळाने आपल्या मताची कारणे लिहावीत. एका शिपायाने आपला दावा सोडला नाही, म्हणून इतरांच्या हातात आधार आला. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. म्हणून कोणत्या प्रकरणाला कोणते नियम लागतात हे जाणकाराकडून तपासूनच पुढे जावे. पण मूळ गोष्ट बदलत नाही. हक्क मागणारा माणूस भिकारी नसतो, आणि त्याच्याबरोबर दाराशी उभे राहणे हे मंडळीचे काम आहे.

दुसरा दाखला यिर्मयाचा. यरुशलेमेला वेढा पडला आहे, संदेष्टा स्वतः कैदेत आहे, आणि अशा वेळी तो अनाथोथचे शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखताच्या दोन प्रती करतो, एक मोहोरबंद आणि एक उघडी. मग बारुखाला सांगतो की हे दोन्ही कागद मातीच्या भांड्यात ठेव, म्हणजे ते पुष्कळ दिवस टिकतील. आम्ही कार्यालयात गमतीने म्हणतो की मूळ प्रत आणि झेरॉक्स ही पद्धत यिर्मयाची. पण गंमत सोडून पाहा. ज्याचा देवाच्या अभिवचनावर विश्वास आहे, तोच कागद जपून ठेवतो. ज्याने आशा सोडली, तो कागद पेटीत कुजू देतो. फाइल सांभाळणे हे आशेचेच काम आहे.

कार्यालयांतल्या माणसांविषयीही एक शब्द बोलते. अडवणूक होते, टोलवाटोलवी होते. पण ज्या लिपिकाने रुग्णालयाचे कागद शोधून काढले तोही सरकारी माणूसच होता. अर्जात नेमका कोणता शब्द लिहायचा हे सांगणारे निवृत्त सुभेदारसाहेब सैनिक कल्याण कार्यालयातच भेटले. ते शत्रू नाहीत. पण ते फाइलमध्ये जे आहे तेच पाहतात. फाइलमध्ये सत्य पोहोचवणे आपल्या हातात आहे.

ही गरज पुढे वाढणार आहे. २०२२ पासून आपली मुले अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जात आहेत. त्यांना पेन्शन नाही. सेवेमुळे अपंगत्व आले तर १००, ७५ आणि ५० टक्के अशा टप्प्यांप्रमाणे अनुक्रमे ४४, २५ आणि १५ लाख रुपयांची एकरकमी मदत ठरवली आहे. तिथेही पहिला प्रश्न तोच: सेवेमुळे झाले का? म्हणजे जखम झाली त्या दिवशीच्या कागदाला आता अधिकच मोल आहे.

ज्यांची पेन्शन सुरू आहे त्यांनीही निर्धास्त राहू नये. संरक्षण पेन्शनचा कारभार आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून चालतो आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला तर पेन्शन थांबते. नाव 'स्पर्श', पण नांगर धरून झिजलेल्या बोटाचा ठसाच यंत्र घेत नाही, असे आमचे म्हातारे फौजी म्हणतात. मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. आपल्या तरुण संघातल्या एखाद्याने अर्धा तास दिला तर हे काम घरी बसून होते.

आता आपल्याकडून मला काय हवे ते सांगते.

पहिली गोष्ट, प्रत्येक मंडळीने आपल्या गावातल्या माजी सैनिकांची, सेवेत असलेल्या जवानांची आणि सैनिकांच्या विधवांची यादी करावी. मंडळीबाहेरचेही त्यात धरावेत. शेजारी कोण हे प्रभूने आपल्याला शिकवले आहे. आणि ज्याची पेन्शन नाही त्याला मान राखून एवढेच विचारावे: "भाऊ, तुमचं पत्र दाखवता का?"

दुसरी गोष्ट, आलेले सरकारी पत्र शेवटच्या ओळीपर्यंत कुणाकडून तरी वाचून घ्यावे आणि पाकिटावर ते मिळाल्याची तारीख लिहावी. पाकीट फेकू नये. अपिलाची मुदत तिथून मोजतात.

तिसरी गोष्ट, सुट्टीवर आलेल्या जवानाला सांगावे की दुखापत झाली तर ती लहान म्हणून सोडू नकोस. अहवाल लिहून घे, प्रत माग, सोबत्यांची नावे टिपून ठेव. लग्न झाले, मूल झाले, तर त्याची नोंद युनिटमध्ये लगेच करून घे.

चौथी गोष्ट पाळकबांधवांसाठी. बाप्तिस्मा आणि विवाहाची रजिस्टरे ओल आणि वाळवीपासून जपा. नोंद करताना आधार कार्ड समोर ठेवून पूर्ण नाव लिहा. ती पाने कुणाचे तरी अन्न आहेत.

पाचवी गोष्ट, प्रकरण अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, तालुक्याची विधी सेवा समिती आणि आमचे कार्यालय, या तिन्हींपैकी कुठेही जा, पण या वर्षीच जा. उशीर झाला तर हक्क राहतो, पैसे मात्र जातात.

आणि अर्पणाविषयी म्हणाल तर ब्लँकेटसाठी देता तसेच टपालासाठीही द्या. ब्लँकेट एक हिवाळा पुरते आणि त्याची गरज आहेच. पण एका जवानाची पेन्शन त्याच्या आयुष्यभर पुरते आणि त्याच्या मागे त्याच्या पत्नीला पुरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती त्याला कुणापुढे हात पसरू देत नाही.

सध्या आमच्या कपाटात अशा चार फाइली उघड्या आहेत. त्यांतल्या एका भावाचा पाय बर्फाने गेला आहे. एका विधवेकडे नवऱ्याचे डिस्चार्ज बुकसुद्धा नाही. या चौघांसाठी प्रार्थना करा, आणि प्रार्थनेनंतर आपल्या गावातल्या त्या पत्र्याच्या पेटीची चौकशी करा.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.